अंगणवाडीत विज्ञान आणि इंजिनिअरिंग: बाई आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे पान अंगणवाडी सेविका, मदतनीस, बालवाडी चालवणाऱ्या बाई आणि तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचे आईवडील यांच्यासाठी आहे. उदाहरणं विदर्भातल्या गावांची आहेत: पूर्वेला धान आणि बोड्या (छोटे तलाव), पश्चिमेला कापूस, तूर, सोयाबीन. तुमच्या गावात जे मिळतं ते घ्या, बाकीचं सोडून द्या.

ज्या लेकराला अजून नाक पुसता येत नाही, त्याला विज्ञान काय शिकवणार?

ते आधीच विज्ञान करतंय, आपण फक्त मध्ये पडतो. हापशीखालच्या डबक्यात एकामागून एक खडा टाकणारं पोरगं मोठ्या खड्यानं पाणी जास्त उडतं का, हे बघत असतं. आपण जाऊन म्हणतो, "ऊठ, कपडे भिजवले सारे."

बारकाईनं पाहायचं, काय होईल याचा अंदाज बांधायचा, करून बघायचं आणि अंदाज चुकला तर पुन्हा करायचं, एवढंच या वयाचं विज्ञान. गुरुत्वाकर्षण, बाष्पीभवन हे शब्द पुढच्या वर्गांत आपोआप भेटतील. इंजिनिअरिंगही असंच. काहीतरी अडलं की हातानं उपाय करायचा आणि तो फसला की बदलायचा. विटांवर ठेवलेली फळी घसरली म्हणून खाली ओली माती थापणारी चार वर्षांची पोरगी ते काम करतेय.

वेळापत्रकात हे कुठे बसवायचं?

वेगळा तास करू नका. तास आला की तक्ता येतो आणि तक्ता आला की मुलं हाताची घडी घालून बसतात. दिवसभरात जे घडतंच, त्यातच हे घालायचं.

खिचडी शिजली की पातेल्याचं झाकण उलटं करून मुलांना दाखवा. "हे पाणी झाकणावर कुठून आलं? वरून तर कोणी ओतलं नाही." हात धुण्याआधी प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूटभर ओली हळद लावा आणि मग साबण द्या. पिवळा हात लाल होतो आणि वर्गात एकच कल्ला उठतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. असं का होतं ते त्या दिवशी सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "राखेनं पण होते का बाई?" मग राख कालवून बघा.

आणि महिन्याच्या वजनाचा दिवस तर हातचा जाऊ देऊ नका. वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी, ही दोन खरीखुरी उपकरणं तुमच्याकडे आहेत आणि ती फक्त रजिस्टरपुरती बाहेर निघतात. मुलांची वजनं घेऊन झाली की काट्यावर आधी एक वीट ठेवा, मग कापसाचं मोठं गाठोडं. ठेवण्याआधी विचारा, जड काय भरेल? बहुतेक मुलं गाठोड्याकडे बोट दाखवतील, कारण मोठं ते जड हा त्यांचा पक्का हिशेब असतो. काट्यानं तो मोडला की काही मुलं काट्यालाच खोटं ठरवतात आणि हातात घेऊन बघतात. तेच हवंय.

पण बोलायचं नेमकं काय? आम्हाला प्रश्न विचारायची सवय नाही, उत्तरं द्यायची आहे.

बहुतेकांची अडचण इथेच असते, साहित्यात नसते. एक क्रम धरा: आधी अंदाज, मग हात, आणि तुमचं बोलणं सगळ्यात शेवटी. जमलं तर तेही गाळा.

संत्र्याचं उदाहरण घेऊ. मोठ्या टोपल्यात, म्हणजे घमेल्यात, पाणी घ्या. एक न सोललेलं संत्रं दाखवा आणि विचारा, "पाण्यात सोडलं तर काय होईल?" आता थांबा. हे थांबणं अवघड जातं. दोन-तीन सेकंदांत आपण "बुडेल का तरंगेल?" असं म्हणून पर्याय देऊन टाकतो आणि मुलं शेवटचा शब्द उचलतात. मनातल्या मनात दहा अंक मोजा. मग कोणी म्हणतं बुडते, कोणी म्हणतं पोहते, कोणी म्हणतं "मले पायजे." सगळं चालतं.

सोडा. तरंगतं. आता मुलांच्याच हातानं सोलून घ्या आणि पुन्हा अंदाज विचारा. बहुतेक म्हणतील, हलकं झालं, आता तर नक्की तरंगेल. एक-एक फोड सुटी करून पाण्यात टाकली की ती तळाशी जाते. मग सालीचा तुकडा टाका, तो वर राहतो. अख्खं सोललेलं संत्रं टाकलं तर मात्र मधल्या पोकळीत हवा अडकून कधीकधी तेही तरंगतं, म्हणून फोडी सुट्या करणं बरं. आणि आदल्या दिवशी घरी एकदा करून बघा. सालीच्या आत बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, हे तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. "साल पोहते आणि संत्र्याले धरून ठेवते" असं एखादं मूल म्हणालं, तर त्याच्या वयाला ते उत्तम उत्तर आहे.

तुमच्या तोंडी तीन-चार वाक्यं बसली की पुरे: काय होईल असं वाटतं? तुला कशावरून वाटलं? आता काय दिसतंय? दुसऱ्या कशानं करून बघायचं? यातलं "कशावरून" सगळ्यात मोलाचं, पण उलटतपासणीच्या आवाजात विचारलं तर मूल गप्प होतं.

मूल चुकीचं बोललं तर लगेच सुधारायचं का?

नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलेली एक गोष्ट घरीच करून बघा. दोन सारखे पेले सारखेच भरा. एकातलं पाणी मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात ओता. आता जास्त कुठे? चार-पाच वर्षांचं मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवेल. तुम्ही दहा वेळा समजावलं तरी दाखवेल. साधारण सात वर्षांच्या आसपास ही समज आपोआप पक्की होत जाते आणि ती ओतून-ओतून होते, समजावून होत नाही. म्हणून लोटे, वाट्या, डबे आणि पाणी भरपूर द्या, आणि "अगं, सारखंच आहे ना" म्हणणं टाळा.

धोका असेल तिथे मात्र लगेच सुधारा. विजेची वायर, चूल, विहीर, साप यांच्याबाबत अंदाज विचारत बसायचं नसतं.

इंजिनिअरिंग म्हणजे ब्लॉक्स रचणंच ना?

ब्लॉक्स असतील तर रचू द्या, पण आपल्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे: तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातलं प्रत्येक लेकरू लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतं. बैलाखाली चाकं असतात. म्हणजे चाक, आस, घर्षण आणि ओढायची दोरी हे सगळं मुलांच्या हातात, तेही त्यांच्या अभिमानाची वस्तू म्हणून. त्या आठवड्यात अंगणवाडीत दुसरं काही नवीन करायची गरजच नाही.

बैल घेऊन यायला सांगा आणि अंगणात ओळीनं ओढू द्या. पाचेक मिनिटांत तक्रारी सुरू होतात. "बाई, माहा बैल पुढंच जाऊन नाही राह्यला." उचलून बघा आणि त्यालाही बघू द्या. चाकाचा खिळा फार घट्ट ठोकलाय का? चाकात गवत अडकलंय का? दोरी फार वर बांधल्यामुळे तोंड उचललं जातंय का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाचव्या वर्षीही समजतो: आधी तेलाचा थेंब, मग ओढून बघ, मग दोरी खाली बांध, मग पुन्हा ओढ. सुतारकाका गावात असतील तर त्यांना तासभर बोलवा. त्यांनी खिळा अर्धा सूत सैल केला की चाक कसं फिरतं, हे बघण्यात जे आहे ते कुठल्याच तक्त्यात नाही.

पुढच्या आठवड्यात खोक्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, करा. काडेपेटी किंवा औषधाचं रिकामं खोकं, बाटल्यांची चार झाकणं, आसासाठी बारीक काडी. झाकणाला भोक मोठ्या माणसानंच पाडायचं. मजा अशी की पहिल्या वेळी भोक जरा बाजूला पाडलं तर बंडी उड्या मारत चालते आणि मुलं हसून लोळतात. ते घडू द्या. मग विचारा, उड्या का मारते? पाच-साडेपाच वर्षांची मुलं झाकणाकडे बोट दाखवतातच. झाकणाएवढा कागदी गोल कापून त्याची चार पदरी घडी घातली की घड्या जिथे छेदतात तो मध्य. तो कागद झाकणावर ठेवून नवीन भोक पाडा. एवढं केलं तरी बंडी डाव्या बाजूला वळू शकते. तिचं कारण शोधायचं काम मुलांवर सोडा.

उतारासाठी एक फळी आणि विटा पुरतात. एक वीट, मग दोन, मग तीन. फळीवर कधी पोतं अंथरा, कधी काढा. बैल कुठवर गेला तिथे खडूनं रेघ मारा आणि त्या मुलाचं चिन्ह काढा. अंतर पावलांनी मोजा. कोणाची पावलं यावरून भांडण होईल, आणि मापाला सगळ्यांसाठी एकच पट्टी का लागते हे त्या भांडणातच कळतं.

विज्ञानाचे किट विकायला येतात. घ्यावेत का?

माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाचवा. बहुतेक किटमधल्या वस्तू महिनाभरात कपाटात जातात, कारण "हरवलं तर?" ही भीती असते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायची वाट अरविंद गुप्ता यांनी कितीतरी वर्षं दाखवली आहे. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या खेळण्यांची कृती मराठीतही मिळते.

दोनच वस्तू विकत घ्या: एक चांगलं भिंग आणि एक मोठं चुंबक. चुंबक मुलाच्या तोंडात मावणार नाही एवढं हवं. बिघडलेल्या स्पीकरमधलं कडं उत्तम. भिंग वापरून झालं की कपड्यात गुंडाळून आत ठेवा. उन्हात राहिलं तर ते कापूस पेटवतं.

काय वापरायचं नाही?

हा भाग मदतनीस ताईंनाही वाचून दाखवा.

फवारणीच्या औषधाची बाटली, डबा, झाकण, काहीही नाही. कितीही धुतलं तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण रिकामी बाटली "चांगली आहे" म्हणून घरात येतेच. फवारलेल्या शेतातल्या ताज्या पऱ्हाट्याही (कापसाच्या झाडांच्या काड्या) रचायला आणू नका, तुराट्या (तुरीच्या काड्या) वापरायच्या तर धुऊन, वाळवून आणि टोकं घासून.

पेरणीच्या पिशवीतलं बियाणं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणूनच ते गुलाबी, लाल किंवा निळं दिसतं. अंकुर बघायला घरातली मटकी किंवा मूग घ्या. ओल्या फडक्यात एक-दोन दिवसांत मोड दिसतो आणि लहान मुलांचा धीर तेवढाच असतो.

गुंजा, एरंडीच्या बिया, धोतरा, चंद्रज्योत (काही गावांत मोगली एरंड म्हणतात) यांना वर्गात जागा नाही. गुंजा दिसायला देखण्या, म्हणून माळा करायला आणल्या जातात, पण चावलेली एक गुंजही जिवावर बेतू शकते. चंद्रज्योतीच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि मग उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात जावं लागतं.

तीन वर्षांच्या मुलांच्या हाती चिंचोके, हरभरे, मणी असं बारीक काही देऊ नका. घशात जातं, नाकातही जातं. घड्याळाच्या चपट्या गोल बॅटऱ्या तर अंगणवाडीत नकोतच. पाण्याचा खेळ संपला की टोपलं लगेच रिकामं करा. बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडतं.

मुलं किडे धरून आणतात. आणू द्यायचे का?

पाहून जिथले तिथे सोडायचे, या अटीवर. पहिल्या पावसानंतर मिरगाचा किडा निघतो, मखमली लाल. भिंगाखाली पाय मोजू द्या. मुंगीला सहा, मिरगाच्या किड्याला आठ. मग कोळ्याचे मोजा. कोण कोणाच्या जवळचं, हे मुलं स्वतः लावतात. गोम, विंचू आणि केसाळ अळीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या.

उन्हाळ्यात टिनाखाली बसवत नाही, तिथे प्रयोग कुठले?

उन्हाचाच प्रयोग. मार्च-एप्रिलच्या सकाळी दोन सारखे स्टीलचे लोटे भरून सावलीत ठेवा. एकाला ओलं फडकं गुंडाळा. तासाभरानं हात लावून बघा. मग माठाकडे या, माठ बाहेरून ओला का असतो? हाच प्रयोग जुलैत केला तर जवळजवळ फरक पडत नाही, कारण हवेतच ओल भरलेली असते. दोन्ही वेळा करा. न जमलेला प्रयोग मुलांना जास्त आठवतो.

सावलीसाठी अंगणात एक काठी रोवा आणि मुलं आल्यावर, खाऊच्या वेळी आणि सुटीच्या वेळी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. नागपूरला साधारण २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली जवळपास नाहीशी होते. तेव्हा अंगणवाडी नसली तर घरी दाखवा, डोक्यावर दुपट्टा बांधून आणि दोनच मिनिटं.

पालक म्हणतात, कॉन्व्हेंटमधली मुलं एबीसीडी लिहितात, तुमच्याकडे पाण्यात खेळतात.

गावात कॉन्व्हेंटची गाडी यायला लागली की हे ऐकावंच लागतं. वाद घालू नका, पालकांना बोलावून दाखवा. मुलाला बैल उतारावरून सोडायला सांगा आणि बापासमोर विचारा, "कशावरून वाटलं तुला?" लेकरू तीन वाक्यं सलग बोललं की बाप ऐकतो. शब्दसंग्रह, मोजणी, तुलना, क्रम हे सगळं त्यातच आहे आणि पहिल्या वर्गात तेच लागतं. बोटांचा जोर आलेला नसताना चार वर्षांच्या हाती पेन्सिल देऊन ओळी गिरवून घेण्याला माझा विरोध आहे, कॉन्व्हेंटमध्येही आणि अंगणवाडीतही.

सरकारी अभ्यासक्रमात हे बसतं का? पर्यवेक्षिका बाई विचारतील.

बसतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा धरला आहे आणि तो खेळ, शोध आणि कृतीतून शिकण्याचा आहे. अंगणवाड्यांसाठीचा राष्ट्रीय ‘आधारशिला’ अभ्यासक्रम २०२४ मध्ये आला, आपल्या राज्याचा ‘आकार’ त्याआधीपासून आहे. या दोन्हींत परिसर समजून घेणं आहेच.

शिवाय हे कुठून बाहेरून आलेलं खूळ नाही. हातकामातून शिकवायचा विचार गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत मांडला आणि सेवाग्रामात तो राबवला गेला. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आता पालघर जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाड्या सुरू करणारी एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला.

आमच्याकडे कोरकू किंवा गोंडी बोलणारी मुलं आहेत. मराठीत प्रश्न कळत नाही.

म्हणून तर हे काम सोपं. पाणी ओतायला आणि दगड उचलायला मराठी लागत नाही. वस्तूचं नाव मुलाकडूनच विचारा, त्याच्या भाषेत, आणि ते तुम्ही मोठ्यानं म्हणा. तुमचा उच्चार चुकला की ते दुरुस्त करेल आणि त्या दिवसापासून बोलायला लागेल. मेळघाटात, गडचिरोलीत पाच वर्षांच्या पोरांना झाडं, पाखरं, मोहफूल कधी गळतं हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मदतनीस त्याच भाषेच्या असतील तर प्रश्न त्यांना विचारू द्या.

आमच्यामागे मोबाईलवरच्या नोंदी, रजिस्टरं, सर्वेक्षणं. वेळ कुठून काढू?

तक्रार खरी आहे आणि या पानानं ती सुटणार नाही. रोज एक प्रश्न एवढंच धरा. खिचडीचं झाकण उलटं करायला अर्धा मिनिट लागतं.

मुलानं असं काही विचारलं की मलाच उत्तर येत नाही, तर?

"मलाही नाही माहीत" असं म्हणा. मग बघा, ते करून बघता येतं का? "राखेनं हात लाल होते का" हे करून बघता येतं. "आभाळ निळं काहून" हे येत नाही. तेव्हा ते शाळेतल्या सरांना विचारा किंवा मोबाईलवर वाचा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांगा. विसरलात तर मूल विसरत नाही.

मुलींना यात रस असतो का?

असतो. बंडी आणि हातोडी आधी पोरांच्या हाती आणि भांडीकुंडी पोरींच्या हाती देणं आपण बंद केलं की दिसतो.

मूल्यमापन कसं करायचं?

गुण, तारे, हसरे चेहरे काही नको. एक वही ठेवा. मुलाचं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा: "चाक वाकडं आहे म्हणून बैल लंगडते." तीन-चार महिन्यांनी त्याच मुलाचं दुसरं वाक्य लिहा. शेजारीशेजारी वाचलं की प्रगती दिसते, आईलाही दाखवता येते.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. तेव्हा काय करावं? मुलांना फेटा बांधून सी. व्ही. रामन करतात.

फेटा राहू द्या. त्या दिवसांत पळस फुललेला असतो आणि होळीही जवळ आलेली असते. मुलांना घेऊन खाली पडलेली फुलं वेचा, काड्या-माती बाजूला करू द्या, पाकळ्या पाण्यात उकळा. चुलीजवळ फक्त मोठी माणसं. रंग गार झाला की जुन्या सुती धोतराच्या दोन पट्ट्या घ्या. एक आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून काढलेली, दुसरी तशीच कोरडी. दोन्ही रंगात रात्रभर ठेवा आणि सकाळी सावलीत वाळत घाला. मग मुलांनाच साबणानं धुऊ द्या आणि धुण्याआधी विचारा, कोणत्या पट्टीचा रंग जाईल? अंदाज सांगणाऱ्याचं चिन्ह त्या पट्टीच्या टोकाला काढून ठेवा, नाहीतर धुतल्यावर सगळेच म्हणतील, "मी तं आधीच सांगतलं होतं."